एका मापाची अवजारं: ट्रॅक्टरला क्विक हिच बसवताना

ट्रॅक्टरला अवजार जोडणं हे दोन माणसांचं काम धरलं जातं. एक जण सीटवर बसतो, दुसरा मागे उभा राहून हाताने खुणावतो: घे, अजून घे, बास. मी बहुतेक कामं एकटीच करते, त्यामुळे ट्रॅक्टर मागे घेणारीही मीच आणि मागे जाऊन बघणारीही मीच. अंदाजाने मागे यायचं, उतरायचं, किती अंतर राहिलं ते बघायचं, पुन्हा चढायचं. आधी डावी लोअर लिंक, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन खालच्या हातांपैकी डावा, अवजाराच्या पिनेवर चढवायची, कारण डाव्या बाजूच्या लिफ्ट रॉडची लांबी सहसा ठरलेली असते. मग उजवी, कारण तिकडचा लेव्हलिंगचा हँडल फिरवून लिंक वर-खाली करता येते. टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला हात, सगळ्यात शेवटी. काढताना हाच क्रम उलटा. बोटभर अंतर राहिलं की पहार घालायची, आणि साडेचारशे किलोचा रोटाव्हेटर पहारीने बोटभरसुद्धा सहजी हलत नाही.

कष्टांची सवय होते. पण हे सगळं जिथे उभं राहून करावं लागतं त्या जागेची सवय मी स्वतःला होऊ दिली नाही. मागची चाकं आणि अवजार यांच्या मधली ती चिंचोळी जागा. इंजिन चालू असेल आणि ट्रॅक्टर जरासा जरी मागे सरकला तरी तिथे उभ्या माणसाला पळायला वाट नसते. जमिनीवर उभं राहून, हात लांब करून हायड्रॉलिकचा लिव्हर ओढणारे किती तरी लोक मी पाहिले आहेत. लिफ्ट कुठल्या क्षणी किती उचलेल याचा नेम नसतो, आणि त्यांचा पाय तेव्हा लिंकच्या खाली असतो. सीटवरून न उतरता अवजार धरता आलं पाहिजे, या एकाच विचाराने मी क्विक हिचकडे, म्हणजे अवजार पटकन धरणाऱ्या जोडणीकडे, वळले. वेळ वाचतो हे खरंच, पण माझ्यासाठी ते दुय्यम होतं.

क्विक हिच म्हणून जे विकलं जातं त्यात तीन प्रकार मी नीट तपासले. या कपलरांसाठी आयएसओ ११००१ हे मानक आहे आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांत हे प्रकार येतात. पहिला ए-फ्रेम. ट्रॅक्टरच्या तिन्ही लिंकांवर एक त्रिकोणी चौकट बसते आणि तसाच, तिच्यावर चपखल बसणारा त्रिकोण प्रत्येक अवजारावर असतो. एक त्रिकोण दुसऱ्यात खालून शिरतो, शेंड्याला खटका बसतो, काम झालं. जोडायला हा सगळ्यात सोपा, कारण त्रिकोण स्वतःच स्वतःला मध्यावर आणतो. अडचण दोन ठिकाणी होती. प्रत्येक अवजाराला नवा त्रिकोण वेल्ड करायला हवा, आणि त्रिकोणाच्या पायांमधून पीटीओ शाफ्टला, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याला, मिळणारी जागा माझ्या रोटाव्हेटरच्या जाड गार्डसाठी कमी पडत होती.

दुसरा प्रकार म्हणजे लोअर लिंकच्या टोकालाच हुक. अवजाराच्या पिनेवर गोळा चढवून ठेवायचा, कॅटेगरी २ या मापाच्या जोडणीसाठी तो ५६ मिमी व्यासाचा असतो, आणि लिंकचा उघडा हुक खालून येऊन तो गोळा उचलतो. वर आपोआप बंद होणारा खटका असतो, तो सीटवरून दोरीने सोडता येतो. यात अवजार मागे सरकत नाही, ट्रॅक्टरच्या जवळच राहतं, आणि हा फार मोठा फायदा आहे. जिथे ट्रॅक्टर अशा लिंकांसहच येतो तिथे मी डोळे मिटून हाच प्रकार घ्यायला सांगेन. माझ्या ट्रॅक्टरला मात्र दोन्ही लिंका बदलाव्या लागल्या असत्या.

तिसरा यू-फ्रेम, म्हणजे उलट्या यू अक्षरासारखी चौकट. वर मध्यभागी एक हुक, खाली दोन्ही पायांना एकेक हुक, खालचा भाग मोकळा, त्यामुळे पीटीओ शाफ्टला आडकाठी नाही. अवजारावर फार काही जोडावं लागत नाही. त्याच्या आहेत त्याच पिना हुकात बसतात, फक्त त्यांवर योग्य जाडीचं बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, चढवायचं. मी हीच घेतली.

चौकट ट्रॅक्टरला लागायला वेळ लागला नाही. लोअर लिंका तिच्या पिनांवर, टॉप लिंक वरच्या भोकात, लिंच पिना, झालं. ती लागल्यावर अवजारांकडे गेले आणि तेव्हा कुठे खरं काम सुरू झालं.

थ्री पॉइंट लिंकेजची, म्हणजे या तीन लिंकांच्या जोडणीची, मापं ठरलेली आहेत असं आपण सगळे धरून चालतो, आणि कागदावर ती आहेतही. हॅरी फर्ग्युसन यांना १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये जे पेटंट मिळालं त्याच्या नावातच अवजार ट्रॅक्टरला जोडणं आणि कामाची खोली आपोआप राखणं या दोन्ही गोष्टी होत्या. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ही रचना मोठ्या प्रमाणावर शेतात पोचवली. पुढे तिची मापं मानकात आली, आज ती आयएसओ ७३० मध्ये आहेत. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिना २२ मिमीच्या, वरची १९ मिमीची, खालच्या दोन पिनांच्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी. कॅटेगरी २ मध्ये खालच्या २८ मिमी, वरची २५ मिमी आणि अंतर ८२५ मिमी. माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, म्हणजे बरोबर या दोन कॅटेगरींच्या वेशीवरचा. या ताकदीच्या ट्रॅक्टरमागे दोन्ही प्रकारची अवजारं चालतात, आणि वर्षानुवर्षं आपण बुश, वॉशर घालून ती चालवून घेतो. लिंकांना ते चालतं, कारण दोन्ही लोअर लिंका स्वतंत्रपणे आत-बाहेर, वर-खाली होतात. लिंकांचं आडवं हलणं रोखणारी चेक चेन सैल केली की सेंटिमीटरभर फरक कुठल्या कुठे जिरतो. चौकट मात्र एकसंध असते. तिचे तीन हुक एकमेकांपासून जिथे आहेत तिथेच राहतात, म्हणून अवजाराच्या तिन्ही पिना नेमक्या तिथे यायला हव्यात. लिंका जे वर्षानुवर्षं पोटात घालत होत्या ते चौकटीने पहिल्याच दिवशी उघडं केलं.

माझ्या चौकटीत वरचा हुक खालच्या हुकांच्या रेषेपासून १५ इंचांवर, म्हणजे ३८१ मिमीवर आहे. खालचे हुक ३६.५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या बुशसाठी. प्रत्येक अवजारावर मापपट्टी धरत बसण्याऐवजी मी लोखंडी पट्टीचा एक साचा करून घेतला: खाली ८२५ मिमीच्या हिशेबाने दोन खाचा, बरोबर मध्यावर ३८१ मिमी उंचीला तिसरी. साचा अवजारावर धरला की कुठली पीन किती चुकते ते लगेच दिसतं. क्विक हिच घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा साचा करायला सांगते. लोखंडाचा नको असेल तर जाड प्लायचा करा, पण चौकट घेण्याच्या आधी करा आणि आपल्या दारातल्या प्रत्येक अवजाराला लावून बघा.

साच्याने काय काय सांगितलं ते सांगते, कारण जवळपास सगळ्यांच्या अवजारांत हेच निघेल.

कल्टिव्हेटरच्या खालच्या पिना २८ मिमीच्या, अंतरही बरोबर, पण उजवी पीन टोकाकडे किंचित खाली वाकलेली. नुसत्या डोळ्यांनी हे कधी दिसलं नव्हतं. दोन्ही पिनांच्या वरून एक सरळ पाइप ठेवल्यावर कळलं. वेल्डिंगवाल्या दादांना मी आधी फक्त बुश बसवायचं काम सांगितलं होतं. ते म्हणाले, "ताई, जाडी जुळली म्हणजे पीन जुळली असं नाही. दोन्ही एका रेषेत पाहिजेत, नाहीतर एका हुकात बसेल आणि दुसऱ्याचा खटका वरच्यावर राहील." पीन तापवून सरळ करायची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनीच नको म्हटलं. या पिना कडक केलेल्या असतात. तापवल्या की एक तर मऊ पडतात, नाहीतर वेल्डच्या शेजारी ठिसूळ होतात. नवी पीन नटाने बसवली. वेल्डिंग फक्त तिच्या प्लेटला.

लेव्हलरचं पातं पूर्ण कॅटेगरी १ चं होतं, अंतर ६८३ मिमी. त्याला दोन्ही बाजूंनी बाहेर नव्या प्लेटा लावाव्या लागल्या. शिवाय ते इतकं बसकं आहे की जमिनीवर ठेवल्यावर त्याच्या पिना चौकटीचे हुक जितके खाली जाऊ शकतात त्याच्याही खाली येत होत्या. हुकाला पिनेच्या खालून वर यायचं असतं, त्यामुळे खाली जागा हवीच. आता पातं लाकडी ओंडक्यांवर उतरवून ठेवते.

रोटाव्हेटर सगळ्यात शहाणा निघाला. त्याच्या खालच्या पिनांचे ब्रॅकेट यू-बोल्टवर असतात, नट सैल करून आडव्या पाइपवर सरकवता येतात. पण ब्रॅकेट दोन प्लेटांचा होता, लिंकचा गोळा मधल्या फटीत बसणारा, आणि चौकटीचा हुक त्या फटीपेक्षा जाड. पिना आतून काढून बाहेरच्या बाजूने लावल्या, ब्रॅकेट तेवढे आत घेतले, साचा बसला.

पलटी नांगराने जास्त विचार करायला लावलं. त्याच्या मास्टची, म्हणजे वरची पीन धरणाऱ्या उभ्या भागाची, उंची ६१० मिमी, जी कॅटेगरी २ ची मानकातलीच आहे, आणि माझा वरचा हुक ३८१ वर. काही चौकटींचा वरचा हुक वेगवेगळ्या भोकांत वर-खाली करता येतो. पण प्रत्येक अवजाराला हुक हलवायचा म्हणजे पुन्हा सीटवरून उतरून बोल्ट काढणं आलं, आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय तेच हातातून जातं. म्हणून मास्टलाच खालच्या उंचीला पीन द्यायची ठरली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नांगर जमिनीत असताना टॉप लिंकवर येणारा जोर हा उंचीच्या उलट बदलतो. ६१० ऐवजी ३८१ मिमीवर पीन घेतली तर तेवढाच झटका पेलायला त्या पिनेवर साधारण १.६ पट जोर येतो. दोन पातळ पट्ट्या वेल्ड करून हे भागणार नव्हतं. १२ मिमीच्या प्लेटा, खाली आडवा आधार, मागे तिरक्या पट्ट्या असं सगळं केलं. जुनं वरचं भोक तसंच ठेवलंय, चौकटीशिवाय नांगर लावायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

मग पीटीओ शाफ्ट. यू-फ्रेम मध्ये आली की अवजार ट्रॅक्टरपासून मागे जातं. माझ्या चौकटीत सुमारे १०० मिमी. शाफ्टचे दोन पाइप एकमेकांत जितके शिरलेले असतात त्यातले तेवढे बाहेर येतात. काम करताना पाइप किमान एक तृतीयांश एकमेकांत असावेत असा सर्वसाधारण नियम आहे, आणि माझा शाफ्ट त्याच्या खाली गेला होता. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. त्या वेगात कमी शिरलेला शाफ्ट थरथरतो, वाकतो आणि सुटला तर मागे-पुढे जे असेल त्याला झोडपतो. यात "चालून जाईल" नसतं. लांब पाइपांचा शाफ्ट घेतला आणि रोटाव्हेटर उचलून-टेकवून तपासला. लिफ्टच्या प्रवासात एका ठिकाणी दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात. तिथेही पाइपांची टोकं आत टेकायला नकोत, नाहीतर सगळा दाब ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर जातो. याचा अर्थ हा नवा शाफ्ट चौकटीशिवाय वापरायचा नाही. चौकट काढली की तो १०० मिमीने जास्त लांब ठरतो. मी त्याच्या गार्डवर रंगाने "चौकट" असं लिहून ठेवलंय, म्हणजे दुसरं कुणी ट्रॅक्टर नेला तरी वाचेल.

त्याच १०० मिमीचा दुसरा परिणाम पुढच्या चाकांवर होतो. हिशेब सोपा आहे. रोटाव्हेटर ४५० किलोचा, तो ०.१ मीटर मागे गेला, ट्रॅक्टरचा व्हीलबेस सुमारे २ मीटर. म्हणजे अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवरचं साधारण २२ किलो वजन कमी झालं. त्यात चौकटीचं स्वतःचं वजन ४० किलोच्या आसपास, ते मागच्या आसापासून ०.९ मीटरवर, म्हणजे आणखी १८ किलो. एकूण ४० किलो. सपाट रानात हे जाणवत नाही, पण बांध चढताना स्टिअरिंग हलकं लागतं आणि ते हलकं लागणं चांगलं नसतं. पुढे वजनं वाढवली. लिफ्टच्या क्षमतेचंही तसंच. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला आकडा बहुतेक वेळा लोअर लिंकच्या टोकांपासून ६१० मिमी मागे मोजलेला असतो. भार त्याहून मागे गेला की तो आकडा तेवढा खरा राहत नाही, आणि चौकटही त्यातूनच उचलायची असते.

एवढं झाल्यावर जोडणं खरोखरच सोपं झालं, आणि ते पाहताना मला आजही बरं वाटतं. चौकट वरून अवजाराकडे किंचित झुकलेली ठेवायची, लिफ्ट खाली, सरळ मागे यायचं. वरचा हुक अवजाराच्या वरच्या पिनेच्या खाली आला की लिव्हर हळूच उचलायचा. आधी वरची पीन हुकात बसते, मग अवजाराच्या वजनानेच खालच्या दोन्ही पिना आत झुलतात आणि खटके वाजतात. एक नाही, दोन आवाज यायला हवेत. मी तरीही अवजार वीतभर उचलून थांबते, दोन्ही बाजूंना वळून खटके डोळ्यांनी बघते, आणि मगच निघते. ओल्या रानातून आल्यावर हुकात माती दाबून बसते आणि खटका अर्धाच लागतो. आवाज येतो, पण कुलूप लागलेलं नसतं. म्हणून काढताना हुक साफ करायची सवय लावून घेतली आहे, आणि खटक्याच्या स्प्रिंगला तेल, हुकाला ग्रीस.

अवजारं ठेवायची जागाही बदलावी लागली. पूर्वी जिथे जागा मिळेल तिथे उतरवायचे. आता सगळी सपाट, कडक जमिनीवर, एका ओळीत, तोंड एकाच बाजूला आणि समोर ट्रॅक्टरला सरळ मागे यायला पुरेल एवढी मोकळी जागा. अवजार कलतं उभं असेल तर चौकटीचे तिन्ही हुक एकदम समोर येत नाहीत. कल्टिव्हेटरला त्यासाठी पुढच्या बाजूला उभा स्टँड लावला.

ज्यांना वाटतं की आता काहीच हाताने करावं लागणार नाही, त्यांना हे सांगायला हवं: पीटीओ शाफ्ट आणि नांगराचे हायड्रॉलिक पाइप अजूनही उतरूनच लावावे लागतात. फरक इतकाच की तेव्हा इंजिन बंद असतं, किल्ली खिशात असते आणि अवजार आधीच चौकटीत पक्कं धरलेलं असतं. पाइप काढण्याआधी इंजिन बंद करून रिमोटचा, म्हणजे या पाइपांत तेल सोडणारा, लिव्हर दोन्हीकडे हलवायचा, म्हणजे आतला दाब निघून जातो. हे राहिलं आणि नांगर उन्हात उभा राहिला तर पाइपातलं तेल फुगतं आणि पुढच्या वेळी पाइपाचा कपलर कितीही दाबला तरी बसत नाही. दोन्ही पाइपांना वेगवेगळ्या रंगाच्या टेपा लावल्या आहेत, तशाच ट्रॅक्टरच्या सॉकेटांना, म्हणजे नांगर उलटा पलटत नाही.

ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे अवजारावरच्या ओढीनुसार खोली राखणारी सोय, पुन्हा जुळवावा लागला. टॉप लिंकमधून जो दाब ट्रॅक्टरपर्यंत पोचतो तो चौकटीतून अजूनही पोचतो, पण अवजार मागे गेल्याने आणि वरची उंची बदलल्याने जुन्या खुणेवर नांगर पूर्वीच्या खोलीला जात नव्हता. लिव्हरच्या पट्टीवर नवी खूण केली. शिवाय चौकटीचा कल टॉप लिंकने ठरतो आणि तो सगळ्या अवजारांना एकच मिळतो. नांगराला जो कल लागतो तो लेव्हलरला चालत नाही, तेव्हा टॉप लिंक फिरवायला उतरावंच लागतं. हायड्रॉलिक टॉप लिंक घेतली तर हेही सीटवरून होईल, आणि पुढे तीच घ्यायचा विचार आहे.

पेरणी यंत्र मात्र मी चौकटीवर आणलेलं नाही आणि आणणारही नाही. बियाण्याची आणि खताची पेटी भरली की त्याचं बरंचसं वजन आधीच मागे असतं, त्यात आणखी १०० मिमी आणि चौकटीचे ४० किलो नकोत. शिवाय ते एकदा लागलं की पेरणी उरकेपर्यंत लागलेलंच राहतं, रोज काढ-घाल होत नाही. त्या दिवसांत चौकट तिच्या स्टँडवर उतरवते आणि पेरणी यंत्र पूर्वीसारखं थेट लिंकांना लावते: आधी डावी, मग उजवी, शेवटी टॉप लिंक, इंजिन बंद करून.